दोरी समोरच्यानं धरायची

९ जानेवारी, रविवार

कान जमिनीला टेकवला तेव्हा गुडघा इतक्या मोठ्यानं वाजला की पोरं हसली. मी हात वर करून त्यांना गप्प केलं. खालून काहीच ऐकू येत नव्हतं.

समोरच्या दारातून कमरोद्दीन ओरडला, "मास्तर, आता गटार बोलंल. नहर नाय."

पोरं पुन्हा हसली. मीही हसलो. कपाळाला माती लागली होती, ती बायकोनं, आशानं, खिडकीतून खुणेनं दाखवली.

कॉलेजची ही पोरं जुनं शहर बघायला आली होती. माझ्या एका विद्यार्थ्यानं पाठवलेली. मी त्यांना सांगितलं की इथं, आमच्या खालच्या पायरीला लागून, नहरीचं, म्हणजे जमिनीखालून शहराला पाणी पुरवणाऱ्या जुन्या कालव्याचं, तोंड होतं. त्यावर दगडी झाकण, झाकणाला मधोमध भोक. उन्हाळ्यात शाळेतून आलो की मी पायरीवर बसायचो आणि अनवाणी पाय झाकणावर ठेवायचो. पायरीवरून उठावंही लागत नसे. खालून खापराच्या नळांतून पाणी जायचं. कान लावला की भरल्या पोटासारखा आवाज. दुष्काळाच्या वर्षी गल्लीत डांबर पडलं आणि झाकण खाली गेलं.

पोरं निघून गेल्यावर बैठकीत बसून राहिलो. गुलमंडीवर संध्याकाळी पाणी मारायचे, तेव्हा धूळ आणि घोड्याच्या लिदीचा एकत्र वास उठायचा. पानदरिब्यात टोपल्यांवर ओली फडकी असायची. शहागंजच्या घड्याळाकडे बघून माझे वडील, तात्या, आपलं घड्याळ लावायचे आणि तरी म्हणायचे, हे पुढं आहे. आता मी त्याच रस्त्यांवरून जातो आणि बिचकतो. परवा औषधाचं दुकान सापडेना. दुकान होतं. त्याच्या अलीकडचं घर नव्हतं.

१२ जानेवारी, बुधवार

पालिकेचा इंजिनियर आला. आडनाव सांडू. तरुण, बोलायला मोकळा. सोबत दोन माणसं, एक लांब फीत आणि खडूची पूड.

गल्ली रुंद होणार हे माहीत होतं. वरची आणि खालची घरं मागं सरकली आहेत. वळणावर आमची दोनच राहिली, आमचं आणि समोर कमरोद्दीनचं. सांडूनं वळण सरळ धरून रेघ ओढली. ती कमरोद्दीनच्या पुढच्या खोलीतून गेली. तिथं त्याचा माग आहे. हिमरू कापडाचा माग खड्ड्यातला असतो, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. माग उचलता येतो. खड्डा उचलता येत नाही.

कमरोद्दीन म्हणाला, "साहेब, ही रेघ नहरीवरून नाय. जुना रस्ता नहरीच्या दोन्ही अंगानं व्हता."

"ते खरंय चाचा. खालच्या गल्लीत नहरीची दोन तोंडं सापडली, मधोमध. पण इथलं कुठं व्हतं?"

"जुना नकाशा असेल ना?" मी विचारलं.

"हाय की सर. त्यात तुमची गल्ली म्हंजे कागदावर केस पडल्यासारखी दिसती."

"मग खोदून बघा," शेजारचा पानवाला बन्सी म्हणाला.

"खोदू? पाण्याची मेन लाइन हाय खाली. घरं हटली की ड्रेनेजसाठी खोदायचंच हाय. पण अगोदर नाय." मग कमरोद्दीनकडे वळून, "चाचा, तुम्ही सांगा. तोंड जर सरांच्या पायरीकडं असंल तर रेघ तिकडं सरकंल. तुमची खोली वाचंल, त्यांची जाईल. हिशोब सरळ हाय."

कमरोद्दीननं मान हलवली. "आमच्या गल्लीत आपल्या हद्दीचं आपण बोलत नाय. दोरी समोरच्यानं धरायची. मास्तरला इचारा. लहानपणापासून त्याचा कान नहरीला लावलेला हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, आठवून सांगतो.

का असं म्हणालो कळत नाही. तोंडातून गेलं.

१३ जानेवारी, गुरुवार

छत्रीनं मोजलं. खालच्या पायरीपासून धरलं तर रेघ बैठकीतून जाते, पुस्तकांच्या कपाटापर्यंत. जिना जातो. वरची खोली अधांतरी राहते. उरतं स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागचं अंगण.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, चांगलंच झालं. उरलेलं विकून टाका आणि चिकलठाण्याला या. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे."

त्या फ्लॅटवर मी दोनदा राहिलो आहे. सकाळी उठल्यावर दार कोणत्या बाजूला आहे ते आठवावं लागतं. खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. माणूस तिथं मरेल आणि कोणत्या रस्त्यानं नेलं हे त्याचं त्याला कळणार नाही.

१५ जानेवारी, शनिवार

संक्रांत. कमरोद्दीनला तिळगूळ द्यायला गेलो नाही. आशा देऊन आली. वाटी हातात घेऊन ती बाहेर पडली आणि मला एकदम दोरीचा दिवस आठवला.

पोलीस ॲक्शननंतरचा हिवाळा, निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. मी आठ वर्षांचा असेन. छावणीकडून लष्कराच्या गाड्या जायच्या, आम्ही मुलं मोजायचो. कमरोद्दीन मोजायला यायचा नाही, त्याला घरात ठेवलं होतं. तात्यांनी त्या हिवाळ्यात ही बैठक बांधली. त्याआधी घराची भिंत मागं होती. भिंत आणि नहरीचं झाकण यांच्यामध्ये टांग्याचं घोडं बांधता येई.

पाया आखायच्या दिवशी रिवाजाप्रमाणे समोरून रहीमचाचांना, म्हणजे कमरोद्दीनच्या वडलांना, बोलावलं. ज्याच्या घराचं काम, त्यानं एक टोक धरायचं. दुसरं टोक समोरच्यानं. समोरचा जिथं दोरी सोडायचं थांबवतो तिथं हद्द. गल्लीत कधी भांडण झालं नाही ते यामुळं.

रहीमचाचा किती दिवसांनी घराबाहेर आले होते. ते एका गुडघ्यावर बसले. तात्या म्हणाले, "थोडी सोडा." त्यांनी सोडली. "आणखी सोडा." आणखी सोडली. ते हसत होते. झाकणाशी आल्यावर तात्याच थांबले. रहीमचाचांचा हात थरथरत होता. थंडी फार होती त्या वर्षी. मला गूळ आणायला आत पाठवलं. रहीमचाचांनी दोन्ही हातांनी तो घेतला आणि मला, आठ वर्षांच्या पोराला, "मेहरबानी" म्हणाले.

असा शेजार होता. आता कुणाला सांगून पटणार नाही.

१६ जानेवारी, रविवार

कालचं वाचलं. 'झाकणाशी आल्यावर' असं लिहिलं आहे. नेमकं झाकणाशीच का, हे सांगता येणार नाही. मूल उभं असतं तिथून सगळं जवळ दिसतं.

समोरचा माग दिवसभर चालू असतो. धोटा इकडून तिकडं, फणीचा ठोका, पुन्हा धोटा. इतकी वर्षं मी तो ऐकलाच नव्हता. आता ऐकू येतो. मधेच थांबतो. थांबला की वाटतं, तो खड्ड्यातून वर डोकं काढून आमच्या पायरीकडं बघतो आहे.

१९ जानेवारी, बुधवार

जेवताना आशाला म्हणालो, "झाकण पायरीला लागून नव्हतं. पायरीच्या समोर होतं. जरा पुढं."

"किती पुढं?"

"गल्लीत."

ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा कळशी पायरीवर ठेवली की बुडाला झाकणाची कड लागायची. सासूबाई ओरडायच्या, पोचा पडंल. दोन वर्षं ओरडत होत्या."

"ते दुसरं काहीतरी असेल."

"दुसरं काय असणारंय पायरीजवळ?"

"तुला नवी जागा होती. गोंधळ झाला असेल."

"व्हय," ती म्हणाली. "मग दगडालाच पाय फुटले म्हणायचं. गेला असंल फिरत फिरत."

माहेर पैठणकडचं. चिडली की बोली बदलते. तिला त्या वेळचं नीट आठवत नाही, यात तिचा दोष नाही.

२२ जानेवारी, शनिवार

कमरोद्दीनकडं गेलो. न जाणं वाईट दिसलं असतं.

तो खड्ड्यात बसून विणत होता. मागावर जांभळ्या जमिनीवर पांढरी बुट्टी. त्याच्या बायकोनं, जाहेदानं, चहा दिला. ती नेहमीसारखी बोलली नाही. नेहमी ती मला, भाईजान, तुमची बायको तुम्हाला उपाशी ठेवते का, असं विचारते.

मी म्हणालो, "दोरीचा दिवस आठवतो का रे तुला?"

"मी खिडकीच्या फटीतनं बघत व्हतो."

"रहीमचाचा किती हसत होते."

कमरोद्दीननं धोटा खाली ठेवला. "अब्बा त्या दिवशी घरी येऊन झोपले. दोन दिवस उठले नाय. अम्मा म्हणायची, तापच तो."

"थंडी होती," मी म्हणालो.

"हौ," तो म्हणाला. "थंडी तर व्हती."

मी विचारलं, "चाचा त्याबद्दल पुढं कधी काही बोलले?"

"एकदाच. मी इचारलं, एवढी दोरी का सोडली? तर म्हणाले, तात्यासाहेबांनी सोडा म्हटलं तेवढी सोडली. त्यांच्यामुळं तर आपण घरात हाय." त्यानं पुन्हा धोटा उचलला. "तू घाबरू नको, मास्तर. तुला जे आठवतं ते सांग. मी मधी बोलणार नाय."

घाबरू नको, असं तो का म्हणाला? मी घाबरलो आहे असं त्याला कशावरून वाटलं? आणि मधी बोलणार नाही, हे मुद्दाम सांगायची गरज काय होती? घरी येईपर्यंत हे वाक्य मला धमकीसारखं वाटायला लागलं होतं. गल्ली ओलांडायला किती पावलं लागतात, तेवढ्यात.

२५ जानेवारी, मंगळवार

आज स्पष्ट आठवलं. शाळेतून आलो की दप्तर पायरीवर टाकायचो आणि गल्ली ओलांडून जायचो. ओलांडून. उन्हानं तळपाय भाजायचे, म्हणून पळत जायचो. झाकण कमरोद्दीनच्या उंबऱ्याजवळ होतं. म्हणूनच तो आणि मी तिथं एकत्र कान लावून बसायचो. आमच्या पायरीजवळ असतं तर तो इकडं आला असता, आणि त्याला तर घराबाहेर सोडत नसत.

हे सगळं किती नीट जुळतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दुपारी झोप लागली.

उठलो तेव्हा माग बंद होता. खिडकीशी गेलो नाही.

२८ जानेवारी, शुक्रवार

पंचनामा झाला.

सांडू होता, त्याची माणसं, बन्सी, खालच्या गल्लीतले दोघंचौघं. कमरोद्दीन पांढरा कुडता घालून दारात उभा होता. जुम्मा होता म्हणून असेल. त्याचा मुलगा त्याच्या कानात काहीतरी रागानं सांगत होता. कमरोद्दीननं त्याला हातानं मागं सारलं. जाहेदा पडद्याआड होती, पडद्याखाली तिची पावलं दिसत होती.

आशा आली नाही. मी निघालो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "छत्री कशाला? ऊनही नाय, पाऊसही नाय."

सांडू म्हणाला, "बोला सर. तुमच्या शब्दावर हाय."

मी छत्रीचं टोक टेकवलं. कमरोद्दीनच्या उंबऱ्यापासून हातभर.

"इथं," मी म्हणालो.

आवाज माझा नेहमीचाच होता. वर्गात बोलायचो तसा. बन्सीनं पान थुंकलं आणि दुसरीकडं बघितलं.

"नक्की ना सर?"

"नक्की."

कमरोद्दीन उंबऱ्यावरून उतरला. मला वाटलं, आता तो बोलेल. तो माझ्या अंगावर येईल असंही वाटलं. म्हणून मी छत्री आडवी धरली. तो खाली बसला, सावकाश, एक हात भिंतीला टेकवून. मी दाखवलं तिथं त्यानं कान लावला. पांढरी दाढी डांबराला लागली. कुणी हसलं नाही. तो बराच वेळ तसाच होता.

मग उठला. दाढी झटकली. मला म्हणाला, "सर म्हणतात तर असंल."

त्यानं मला 'सर' म्हटलं. आजवर कधी म्हणाला नव्हता.

सांडूच्या माणसांनी खडूची रेघ होती तिथंच लाल रंगाची ओढली. रंग पातळ होता. भिंतीवरून खाली ओघळला.

३ फेब्रुवारी, गुरुवार

समोर माग सुटा करण्याचं काम चालू आहे. एकेक लाकूड बाहेर येतं. हिमरूचा तुकडा अर्धाच विणलेला होता, तो त्यांनी कापून घेतला. कमरोद्दीनचा मुलगा लाकडं हातगाडीवर रचतो आणि वर बघत नाही. उस्मानपुऱ्यात भाड्याची खोली घेतली आहे म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर. तिथं खड्डा कुठला?

पूर्वी जाहेदा विरजणाला दही मागायला यायची. आता येत नाही. आशा रोज एका वाटीत दही काढून ठेवते आणि रात्री आपणच खाते.

मी बैठकीत बसतो. पुस्तकं जागेवर आहेत. जिना जागेवर आहे. मुलाला फोन करून सांगितलं की आपलं घर वाचलं. तो म्हणाला, "कसं काय?" मी म्हणालो, नहर पलीकडून जात होती. तो म्हणाला, "मला तर तुम्ही लहानपणी आपली पायरी दाखवायचे."

मुलांना सगळं उलटंच लक्षात राहतं.

७ फेब्रुवारी, सोमवार

बाहेर पडावंसं वाटत नाही. दूध आणायला मागच्या दारानं जातो, वळसा पडतो. आज वळणावर एक म्हातारा समोरून आला, मी भिंतीला चिकटलो. अनोळखी होता. नमस्कार करून गेला.

मागाचा ठोका बंद झाल्यापासून गल्लीत दुसरेच आवाज आहेत. पायरीजवळ खालून काहीतरी आवाज येतो असं वाटतं. भरल्या पोटासारखा. मी आशाला विचारलं, तुला ऐकू येतं का? तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा बघितलं. "नाय," ती म्हणाली. "पण तुम्ही खाली बसून कान लावा ना. पोरांसमोर लावला होता तसा. इथंच."

मी लावला नाही.

१० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी यंत्र आलं. वळणावर अडकलं, मग मागं जाऊन पुन्हा आलं. ड्रायव्हर शिट्टी वाजवत होता.

समोरची पुढची भिंत एका धक्क्यात आली. मला वाटलं होतं जास्त वेळ लागेल. धूळ बसल्यावर आतली भिंत दिसली, हिरव्या रंगाची, त्यावर खुंट्या. खुंटीला एक पिशवी राहिली होती. मध्ये मागाचा खड्डा. यंत्राच्या दात्यांनी आजूबाजूची भिंत त्यातच ढकलली. भरला.

कमरोद्दीन बन्सीच्या दुकानासमोर स्टुलावर बसून बघत होता. बन्सीनं त्याला पान लावून दिलं, त्यानं ते हातातच धरून ठेवलं. आशा मागच्या दारानं गेली, वळसा घालून. जाहेदाच्या शेजारी उभी राहिली. तिच्या डोक्यावर पदर होता. दुरून बघताना दोघींतली कोण कोणती ते कळेना.

आमच्या बैठकीच्या काचा हादरल्या, फुटल्या नाहीत. कपाटातून एक पुस्तक पडलं. ते उचलून ठेवलं.

आता समोर उघडं आहे. बैठकीतून थेट पलीकडचं आभाळ दिसतं. इतका उजेड या खोलीत कधी नव्हता. पडदा लावला.

आशा उशिरा आली. मी म्हणालो, "कमरोद्दीन काय म्हणत होता?"

"काय म्हणणार? तुमची तब्येत इचारत व्हता."

"माझी? का?"

ती आत गेली.

तब्येत का विचारली असेल? सगळ्यांसमोर विचारली का? जिन्याला आतून कडी आहे, ती आजपर्यंत कधी लावली नव्हती. लावली.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ड्रेनेजसाठी चर खोदताना आमच्या खालच्या पायरीला लागून पहार दगडावर वाजली. झाकण निघालं, मधे भोक असलेलं. ते आडवं येत होतं म्हणून चौघांनी उचललं आणि गल्लीपलीकडे, कमरोद्दीनचा उंबरा होता तिथं, नेऊन ठेवलं. कमरोद्दीन उरलेल्या विटा न्यायला आला होता, तो त्यावर बसला. सांडूनं वर माझ्या खिडकीकडं बघितलं. झाकण आता मी दाखवलं होतं तिथं आहे.